रोपट्यावर सीतेची वेणी बसत नाही

विठ्ठलवाडीतल्या आमच्या सोसायटीत पार्किंगसाठी जुना आंबा तोडायचा ठराव आला. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, झाडाच्या वयाइतकी रोपं लावू की!" राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीत तशी तरतूद आहे खरी. पण हा हिशेब मला पटत नाही.

माझं माहेर मुरबाडकडचं. तिथं जुन्या आंब्या-जांभळांवर मे-जूनमध्ये सीतेची वेणी नावाची आमरी (ऑर्किड) फुलते. जांभळट ठिपक्यांचे गुलाबी-पांढरे घोस गजऱ्यासारखे लोंबतात. आसामचं हे राज्यफूल. लोक तिला बांडगूळ समजून ओरबाडतात, पण ही आमरी झाडाचा रस पीत नाही. जाड मुळांवरचा स्पंजासारखा थर पाऊस आणि हवेतला ओलावा टिपतो, सालीच्या खाचांतला पालापाचोळा तिला पुरतो. बी तर धुळीएवढं, शिदोरीशिवाय निघालेलं. खरबरीत सालीवर योग्य बुरशी भेटली तरच रुजतं. अशी साल व्हायला दशकं लागतात. नर्सरीतल्या गुळगुळीत काठीवर ती काय बसणार? (आणि ती काठी तरी जगते का, ते विचारूच नका.)

तोडीच्या अर्जात झाडाच्या वयाबरोबर त्यावर राहणाऱ्यांचीही नोंद सक्तीची करा. आमच्या आंब्यावर आमरी नाही, नेचे आहेत. तेही लिहा.