आपोआप सफाई : काय पुसायचे, हे कुणी ठरवायचे?

महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या सौंसर तालुक्यातील लोधीखेडा हे छोटे गाव २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. घरात मराठी आणि सरकारी कागदावर हिंदी, अशी या पट्ट्याची स्थिती. अशा गावांत सरकार आणि नागरिक यांच्यातील दुवा असतो तो अर्ज भरून देणाऱ्या ऑनलाइन केंद्राचा. मध्य प्रदेश सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या भागीदारीतून २००६ मध्ये उभी राहिलेली ‘एमपी ऑनलाइन’ ही या व्यवसायाची ठळक ओळख. आपल्या गोव्यात मामलेदार कचेरीच्या आसपास एक-चौदाचे उतारे काढून देणारी दुकाने याहून फारशी वेगळी नाहीत. प्रश्नही तोच : दिवसभर राबणाऱ्या त्या एकुलत्या एका संगणकाची निगा कोण राखणार?

एका गिऱ्हाइकामागे आधारची प्रत, गुणपत्रिका, छायाचित्र आणि पासबुकाचे पहिले पान एवढे तर येतेच. व्हॉट्सॲपवरून आलेली तीच फाइल दोन-तीनदा उतरवली जाते. वर्षभरात डिस्क भरते, यंत्र रखडते आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला दारात रांग लागते. यावर विंडोजमध्ये विनामूल्य उपाय आहेत. ‘स्टोरेज सेन्स’ तात्पुरत्या फाइली आणि ठरावीक दिवसांपूर्वी कचरापेटीत टाकलेले साहित्य स्वतःहून काढून टाकते. ‘टास्क शेड्यूलर’ नेमून दिलेल्या वेळी कोणतेही काम सुरू करतो. मात्र त्या वेळी वीज गेलेली असेल, तर काम राहून जाते. चुकलेले काम नंतर लगेच करण्याची सूचना वेगळी द्यावी लागते. शिवाय ‘स्टोरेज सेन्स’ केवळ सिस्टिम ड्राइव्हपुरते चालते. ‘डी’ ड्राइव्हवरचा पसारा तसाच राहतो.

खरी अडचण मात्र तांत्रिक नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, ज्या कामासाठी माहिती घेतली ते पूर्ण झाल्यावर ती पुसून टाकणे अपेक्षित आहे. अन्य कायद्याने जपायला सांगितलेल्या नोंदी तेवढ्या अपवाद. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. याउलट, जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानदाराला हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. परक्याच्या मुलीचे आधारकार्ड महिन्याभरात गेले पाहिजे आणि स्वतःचे बिल सहा वर्षे राहिले पाहिजे. दोन्ही मात्र एकाच ‘डाउनलोड्स’मध्ये. आपोआप चालणाऱ्या सफाईला फाइलीचे वय कळते, तिचा मालक कळत नाही. ‘डाउनलोड्स’ची सफाई मुळात बंद ठेवलेली असते, ती याच कारणाने शहाणपणाची.

सफाईच्या साधनांवर आंधळा भरवसा ठेवण्याचे परिणामही जगाने पाहिले आहेत. २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ या लोकप्रिय सफाई-सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच घुसखोरांनी घातक संकेत मिसळला आणि ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या अद्ययावतीकरणाने काहींच्या वैयक्तिक फाइलीच पुसल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टला ते वितरण थांबवावे लागले. इंटरनेटवरून फुकटचा ‘क्लीनर’ उतरवून घेणाऱ्या दुकानदाराने हे दोन प्रसंग ध्यानात ठेवावेत. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विनामूल्य सुरक्षा-दुरुस्त्यांवाचून चालणारे यंत्र कितीही झाडले, तरी सुरक्षित होत नाही.

तेव्हा क्रम उलटा हवा. आधी आपोआप व्हावी ती हिशेबाच्या फाइलींची नक्कल, तीही संगणकापासून वेगळ्या डिस्कवर, पुसणे त्यानंतर. गिऱ्हाइकांची कागदपत्रे पहिल्या दिवसापासून वेगळ्या फोल्डरात ठेवावीत आणि यंत्राला मोकळा हात द्यावा तो तेवढ्याच फोल्डरावर. हे करायला जेमतेम अर्धा तास लागतो, पण ते सांगणारे कुणी नसते. केंद्रांना मान्यता देणाऱ्या यंत्रणा फलक कसा असावा आणि शुल्क किती घ्यावे, हे ठरवून देतात. गिऱ्हाइकाचे आधारकार्ड त्या संगणकावर किती दिवस राहावे, हेही मान्यतेच्या अटींत लिहून द्यायला हवे, मग केंद्र लोधीखेड्याचे असो वा डिचोलीचे.