चावीचे घड्याळ



आपल्या बेळगाव-निपाणी भागातील कित्येक घरांत, जमिनीच्या उताऱ्यांशेजारी, एखादे बंद पडलेले मनगटी घड्याळ रुमालात गुंडाळून ठेवलेले असते. वडिलांना लग्नात सासऱ्यांनी दिलेले, किंवा तंबाखूची पट्टी चांगली आली त्या वर्षी हौसेने घेतलेले. रोजच्या कामात ते हातावर नसे. लग्नकार्यास आणि रविवारच्या मिस्सास तेवढे बाहेर निघे.

त्यांपैकी बरीचशी घड्याळे एच. एम. टी. ची होत. या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना उभारला आणि तेथील पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. 'जनता' हे त्यांतील साधे, चावीचे आणि लोकप्रिय घड्याळ. काहींच्या तबकडीवर हे नाव देवनागरीतही असे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळकंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि जुन्या घड्याळांना एकाएकी मोल आले.

मोल आले, तेथे लबाडीही आली. आज बाजारात 'नव्यासारखे केलेले' म्हणून जे घड्याळ मिळते, त्याची तबकडी पुष्कळदा नव्याने रंगविलेली असते, काटे दुसऱ्याच घड्याळाचे असतात आणि आतले यंत्र तीनचार घड्याळांतून जुळविलेले असते. दुरुस्ती करणे हा दोष नव्हे. ती लपवून जुन्याची किंमत घेणे हा दोष होय. नाव फासल्यासारखे उमटले असेल, अक्षरे वाकडी असतील किंवा रंग भडक असेल, तर घेणाऱ्याने सावध व्हावे.

आपल्या घरचे घड्याळ मात्र तबकडी रंगविण्यासाठी देऊ नये. त्यास बहुधा साफसफाई आणि तेल एवढेच हवे असते. 'जनता'च्या यंत्रातील तोलचाक सेकंदाला पाच ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. त्याच्या बारीक आसांची झीज होऊ नये म्हणून १७ कृत्रिम माणके बसविलेली असतात. परंतु तेल वाळले की माणकांचाही उपाय चालत नाही. म्हणून वर्षानुवर्षे पडून असलेले घड्याळ चावी देऊन जबरदस्तीने चालवू नये. आधी जाणत्या घड्याळजीकडून उघडून घ्यावे. पिवळसर पडलेली तबकडी तशीच राहू द्यावी. तो पिवळेपणा तुमच्या वडिलांच्या वर्षांचा आहे.

दुरुस्त झाल्यावर रोज ठराविक वेळी चावी द्यावी, अडथळा जाणवताच थांबावे आणि पाण्यापासून घड्याळ जपावे.

एक प्रश्न उरतो, आणि तो घड्याळजीस सोडविता येत नाही. वडील एक, घड्याळ एक, मुले मात्र तीन. मग ते कोणाचे? थोरल्याचा मान, धाकट्याचा लाड, मुलीचा हक्क, सर्वच खरे. एका घड्याळापायी भावांनी एकमेकांच्या दारी जाणे सोडावे, ही गोष्ट अशक्य नाही. माझा सल्ला असा : किमतीचा हिशेब न करता जो रोज आठवणीने चावी देईल, त्याच्या किंवा तिच्या हाती ते सोपवावे. इतरांनी आनंदाने संमती द्यावी, आणि घरी कार्य निघेल तेव्हा ज्याचे कार्य त्याच्या मनगटावर ते बांधावे. कपाटात मालकी राहते. वडिलांची आठवण चालत्या घड्याळात राहते.