ग्राफीन आहे की नुसतीच काळी पावडर?

भोसरीत प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट चालवणाऱ्या एका मित्राने गेल्या वर्षी 'ग्राफीन' म्हणून काळी पावडर घेतली. भाव ग्राफाइटच्या कितीतरी पट. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मिसळून पार्ट काढले, तर ते आधीपेक्षा ठिसूळ! पुरवठादार म्हणाला, "तुमचं मिक्सिंग चुकलं." मित्राने पैशांवर पाणी सोडलं. भांडायचं तरी कशाच्या जोरावर? माल खोटा होता की मिक्सिंग कच्चं, हे ठरवायला हातात एक कागद नव्हता.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी तो चक्क चिकटपट्टीने ग्राफाइटवरून सोलून काढला. २०१० चं नोबेल त्यांना मिळालं. 'पोलादापेक्षा कैक पट मजबूत' हे तेव्हापासून जाहिरातींत फिरतंय. खोटं नाही, पण ते एका निर्दोष, सुट्या पापुद्र्याबद्दल आहे. पावडरीतले पापुद्रे एकमेकांना चिकटतात. पिठल्यात बेसन नीट मोडलं नाही की गुठळ्या राहतात, तसंच. आणि प्लास्टिकमध्ये गुठळी राहिली की जोर पडल्यावर तडा तिथूनच जातो.

नीट पसरलं तर मात्र चिमूटभर पुरतं. फोर्डने २०१८ मध्ये इंजिनाजवळच्या फोमच्या भागांत अर्ध्या टक्क्याहून कमी ग्राफीन घालून आवाज कमी झाल्याचं आणि भाग जास्त उष्णता सोसत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे तंत्रज्ञान भंपक नाही. भंपक आहे ते लेबल.

त्याच वर्षी सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने जगभरच्या ६० कंपन्यांचे नमुने तपासले. बहुतेकांत ग्राफीन १० टक्क्यांच्याही खाली. बाकी? मुख्यतः बारीक ग्राफाइट.

आपल्याकडेही सरकार ग्राफीनवर पैसा लावतंय, केरळात खास केंद्र उभं राहिलंय. चांगलंच आहे. पण बाजारातल्या पाकिटावर काय लिहायचं, हे कोण बघणार? माझी मागणी साधी आहे. ग्राफीन नावाने विकणाऱ्याने तीन गोष्टी छापाव्यात: थर किती, ग्राफीनचं प्रमाण किती, कुठल्या पद्धतीने मोजलं. पावडर तपासण्याची आयएसओची पद्धत २०२१ पासून आहे.

"छोट्यांना चाचणी परवडणार नाही," असं कुणी म्हणेल. मान्य. मग पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, उद्योजकांच्या संघटना आहेत. एकत्र येऊन लहान युनिटांसाठी सवलतीत चाचणीची सोय करा. एका फसलेल्या बॅचपेक्षा ते स्वस्तच पडेल.

आणि तुम्ही-आम्ही? 'ग्राफीन' लिहिलेलं हेल्मेट समोर आलं तर आधी आयएसआय खूण बघा, आयएस ४१५१ ची. डोकं वाचतं ते चाचणी पास झालेल्या हेल्मेटने. नावाने नाही.