पिन लहान, नुकसान मोठे

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदपट्टी असो वा साताऱ्यातील दुकानाचे बिल, कागद जोडायला पूर्वी टाचणी होती. आता स्टेपलरशिवाय पान हलत नाही. कागदाला पिन मारण्यास आमची हरकत नाही. नोटांना व खाण्याच्या पुड्यांना मारण्यास आहे. पिनांमुळे नोटांचे आयुष्य घटते, म्हणून रिझर्व्ह बँकेने २००१ साली बँकांना नोटांच्या बंडलांना पिना मारणे थांबवून कागदी पट्टे लावण्यास सांगितले. मग आपल्याच गल्ल्यावर ही सवय का? बेदाण्याच्या पुडीतील सुटलेली पिन तर लहान मुलाच्या घशात अडकू शकते. पुडीला दोरा बांधावा, नोटांना रबर लावावे. खर्च चार पैशांचा, गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र लाखमोलाचा. व्यापारी बांधवांनी विचार करावा.