गावच्या संघाला प्रायोजक पाहिजे? आधी हिशेब मांडा

कास्तकार बंधूंनो आणि गावच्या कारभाऱ्यांनो, सोयाबीन घरात आले की गावोगाव कबड्डीच्या सामन्यांचे फलक लागतात. अनसिंगहून पुसदच्या रस्त्याने जा की वाशीमच्या, फलकावर बक्षिसांचे आकडे ठळक असतात. खाली 'अमुक यांचेकडून, तमुक यांचे स्मरणार्थ' असे लिहिलेले असते. म्हणजे स्पर्धा भरविणाऱ्याला दाता मिळतो. पण तिथे खेळायला जाणाऱ्या आपल्या संघाचे बनियान, प्रवेश फी आणि गाडीभाडे कोण देतो? पोरंच आपसात वर्गणी करतात. ज्याच्या खिशात पैसा नाही, तो चांगला खेळाडू असूनही घरी बसतो. मुलींच्या संघाला तर वर्गणीही जमत नाही.

हल्ली पोरांचे म्हणणे असते, 'फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकू, प्रायोजक मिळेल.' हे म्हणणे खोटे नाही. अनसिंगच्या उपबाजारातला अडत्या, कृषी केंद्रवाला, पुण्या-मुंबईला नोकरीस गेलेला गावचा माणूस, या सर्वांच्या हातात मोबाईल आहे. परंतु नुसता फोटो पाहून कोणी खिशात हात घालत नाही. माणूस पैसा देतो तो ओळखीवर आणि भरवशावर.

खाशाबा जाधवांचे उदाहरण घ्या. १९५२ साली गोळेश्वरच्या या पहिलवानाला हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी केली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. परत आल्यावर कुस्त्या करून मिळालेल्या पैशातून त्यांनी ते घर सोडवून दिले. खर्डेकर आपल्या विद्यार्थ्याला ओळखत होते. दूरच्या माणसाला तशीच आपली ओळख पटवून देणे, हे मोबाईलचे खरे काम आहे.

तेव्हा काय करावे? संघाच्या नावाने एकच पान उघडा. जिंका की हरा, प्रत्येक सामन्याचे गुण त्याच दिवशी टाका. सरावाची दोन मिनिटांची चित्रफीत टाका. 'मदत करा' असे मोघम लिहू नका. 'बारा बनियान हवेत, इतका खर्च आहे, अमुक तारखेला सामना आहे' असे लिहा. देणाऱ्याचे नाव बनियानवर येईल की मैदानातल्या फलकावर, तेही आधीच सांगा. पैसा कोण्या एका पोराच्या खात्यात घेऊ नका. बँकेत दोघांच्या सहीचे खाते ठेवा आणि खरेदीचे बिल त्याच पानावर लावा. पहिल्या वर्षी बिल दिसले, की दुसऱ्या वर्षी देणारा स्वतःहून विचारतो.

मोठ्या कंपनीकडे जायचे असेल तर एक फरक ध्यानात ठेवा. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात आणि त्या यादीत ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण आहे. परंतु मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व त्यात धरले जात नाही. शिवाय कंपनी हा खर्च स्वतः करत नसेल, तर हा पैसा नोंदणी झालेल्या संस्थेमार्फतच येतो. मंडळाची नोंदणी नसेल, तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची पायरी चढावी लागेल.

कोणाचा पैसा घ्यावा, हाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि भारतीय क्रिकेट संघाच्या बनियानवरून 'ड्रीम ११'चे नाव उतरले. गावातही असे ॲपवाले येतील, गुटखा विकणारे येतील. त्यांना दारातूनच परत पाठवा. निवडणुकीच्या तोंडावर येणाऱ्या पुढाऱ्याचा पैसा तर निवडणुकीसोबतच आटतो. आणि शाळकरी मुलामुलींची छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय टाकू नयेत, त्यांचे फोन नंबर तर मुळीच नाही.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांना आमचे सांगणे एवढेच की, फलकाच्या उद्घाटनाला हजर राहणे पुरेसे नाही. मैदान साफ करून द्या, मुलींच्या सरावाची वेळ राखून ठेवा आणि संघाचा जमाखर्च ग्रामसभेत वाचून घ्या. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या मुलांनी आणि मुलींनी दोघांनीही जिंकला. आपल्या मातीतल्या खेळांना आता मान आहे. अनसिंगच्या पोरांना निदान गाडीभाड्यापायी घरी बसावे लागू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.