पिशवी टिकेनाशी झाली तर

आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर स्टोमा, म्हणजे शौचासाठी केलेली वाट, घेऊन जगणारी माणसे आपल्या मोहल्ल्यातही असतात. लाजेने बोलत नाहीत, म्हणून कळत नाही. चौसाळ्यात आमच्या नात्यातल्या एका खालांची पिशवी पूर्वी चार दिवस टिकायची. नव्या डब्यातली दुसऱ्याच दिवशी कडेने सुटू लागली. खालांनी लग्नकार्यांना जाणे सोडले, जेवण निम्म्यावर आणले. दुकानदार म्हणाला, "हल्ली माल असाच येतो."

हे ऐकून गप्प बसू नये. आधी आपली बाजू तपासावी. ऑपरेशननंतर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत स्टोमा आकसतो. वजन बदलले तरी पोटाचा आकार बदलतो. म्हणून माप पुन्हा घ्यावे. चिकट चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे असावे. कातडीवर तेल किंवा क्रीम राहिले तर चकती धरत नाही. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात तापलेला डबाही खराब होतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी.

एवढे करूनही तक्रार राहिली, तर दोष मालात असू शकतो. तेव्हा पुरावा हवा. पिशवी कधी लावली, कधी सुटली, हे वहीत लिहावे. बॅच नंबर, मुदत, बिल आणि सुटलेल्या चकतीचा फोटो जपावा. नव्या बॅचचा एकच डबा आधी वापरून पाहावा. डब्यावरच्या नंबरावर कंपनीला कळवावे. वैद्यकीय साधनांमुळे होणाऱ्या त्रासाची नोंद ठेवण्यासाठी केंद्र सरकारचा कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे. त्याचा मोफत नंबर १८००-१८०-३०२४. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. मुंबईची ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया रुग्णांना मार्गदर्शन करते.

गळतीच्या भीतीने खाणे-पिणे तोडू नका. लहान आतड्याचा स्टोमा असेल तर अंगातले पाणी आणि मीठ झपाट्याने कमी होते.

नमाजची चिंता अनेकांना आतून खाते. ज्याला हा त्रास रोखता येत नाही, त्याच्यासाठी शरीअतमध्ये माजूरची सवलत आहे. हनफी मसलकात अशा माणसाने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी नवा वुजू करायचा असतो. आपल्या स्थितीबद्दल जवळच्या आलिमांना मोकळेपणाने विचारावे.

घरच्यांनो, तुमच्या रुग्णाला वही तुम्हीच घालून द्या. तक्रार लाजेखाली दबली, तर खराब माल तसाच विकला जाणार.