आरतीला उभे राहिलेले हवालदार

आमच्या चौकातल्या गणपतीच्या आरतीला शेजारचे हवालदार साध्या कपड्यांत उभे राहिले. एका हातात लेकीचं बोट, दुसऱ्या हातात खिरापतीचा द्रोण. एवढ्यावरून एका सद्गृहस्थांचं पित्त खवळलं. त्यांचं म्हणणं असं की, पोलिसाला खासगी आयुष्य नसतं. देव, मित्र, सोयरे त्याने घरात कोंडून ठेवावेत. उद्या याच मंडळावर गुन्हा नोंदवायची वेळ आली तर? न्याय नुसता होऊन भागत नाही, तो होताना दिसलाही पाहिजे!

हे वाक्य उचलण्याआधी त्यांनी त्याचं मूळ पाहायला हवं होतं. इंग्लंडमध्ये १९२३ साली मोटार-अपघाताच्या एका खटल्यात न्यायदंडाधिकाऱ्यांबरोबर आतल्या खोलीत एक कारकून जाऊन बसला. त्याचीच वकिली पेढी त्याच अपघातातल्या एका पक्षाचं काम पाहत होती. शिक्षा रद्द झाली ती या लागेबांध्यामुळे. कारकून कोणत्या चर्चमध्ये जातो, हे कुणी विचारलं नव्हतं.

आणि दिसण्याचीच गोष्ट काढायची, तर नाशिककराने काळाराम मंदिराकडे पाहावं. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो सत्याग्रही मंदिरप्रवेशासाठी तिथे पोहोचले. दारं बंद होती. बंदोबस्ताचे वरिष्ठ अधिकारी गोरे. त्यांना ना राम आपला, ना पंचवटीत कुणी सोयरा. या सद्गृहस्थांच्या कसोटीला उतरणारे याहून निःपक्ष पोलीस शोधून सापडायचे नाहीत. पण पहारा होता कुणाच्या बाजूने? बंद दारांच्या. सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षे चालला, तरी ती दारं सत्याग्रहींसाठी उघडली नाहीत. कोऱ्या खासगी आयुष्याने अन्याय थांबत नाही, त्याला फक्त शिस्तीचा चेहरा मिळतो.

राजकीय पक्षाचं काम करायला राज्याच्या सरकारी नोकरांना १९७९ च्या वर्तणूक नियमांनी बंदी आहेच, आणि ती रास्त आहे. पण पक्षाचा झेंडा वेगळा, प्रसादाचा द्रोण वेगळा. मास्तरांनी तमाशा पाहावा का, यावरही पूर्वी असाच धुरळा उडायचा. मुलांना गणित येतं का, हे विचारायचं राहूनच जायचं.

मग निःपक्षपात शोधायचा कुठे? ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवावीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बजावलं आहे. तिची प्रतही फिर्यादीला फुकट मिळाली पाहिजे. मोलकरणीची आणि बिल्डरची फिर्याद सारख्याच तत्परतेने लिहिली जाते का, ते तपासा.

आमच्या मंडळावर खरोखरच तक्रार आली, तर हवालदारांनी सांगावं, “साहेब, हे माझ्या गल्लीतलं मंडळ. तपास दुसऱ्याकडे द्या.” तशी नोंद स्टेशन डायरीत व्हावी. लेकीला घेऊन आरतीला मात्र त्यांनी पुढच्या वर्षीही यावं.